दूध संस्थेचं ॲनालिसिस मॉडेल जमलं, डिझाइनला बसलो आणि नासलं

ओढ्याकाठी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज अडलोय म्हणून धागा काढला.

आमचं चार जणांचं छोटं दुकान आहे, सॉफ्टवेअरचं. सध्या गावातल्या दूध संस्थांसाठी संकलनाची प्रणाली नव्याने लिहितोय. आधी ॲनालिसिस, म्हणजे संस्थेचं जग समजून कागदावर मांडायचं, आणि मग डिझाइन, म्हणजे ते प्रोग्राममध्ये कसं बसवायचं ते ठरवायचं. या वेळी घाई करायची नाही असं ठरवलं होतं, म्हणून तीन आठवडे पहाटे साडेपाचला दोन संस्थांमध्ये जाऊन नुसता उभा राहिलो. सभासद किटली घेऊन येतो, दूध काट्यावर ओततात, वाटीभर नमुना फॅट मशीनखाली जातो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दिसतं, तक्त्यातून दर निघतो, पावती फाटते. दहा दिवसांनी बिल, त्यातून पेंडीची, उचलीची कपात. बघून बघून अकरा चौकोन काढले: सभासद, संकलन, नमुना, दरपत्रक, बिल, कपात, उचल वगैरे. त्यात डेटाबेस नाही, स्क्रीन नाही, प्रिंटर नाही. सगळे शब्द त्यांचेच.

तो कागद सचिवांना दाखवला तर त्यांनी माझ्याच खिशातलं पेन काढून घेतलं. सभासद आणि संकलन यांच्यामधल्या रेषेवर बोट ठेवून म्हणाले, "एका वेळेला एकच कसं? गाईचं वेगळं, म्हशीचं वेगळं. एका माणसाच्या सकाळी दोन पावत्या होतात की." यूएमएलचं, म्हणजे अशा चौकोन-रेषांच्या चित्रांच्या ठरलेल्या पद्धतीचं, नावही न ऐकलेल्या माणसाने माझी मल्टिप्लिसिटी (एकाला किती जोडले, तो आकडा) दुरुस्त केली! त्या दिवशी मी हवेत होतो.

मग ऑफिसात आलो आणि तोच डायग्राम उघडून 'डिझाइन' सुरू केलं. म्हणजे काय, तर प्रत्येक गुणधर्माला टाइप (संख्या, मजकूर वगैरे) लावले, प्रत्येक क्लासला, म्हणजे कोडमधल्या चौकोनाला, आयडी दिला, गेटर-सेटर (माहिती वाचायच्या-बदलायच्या ओळी) टाकले. चौकोनाच्या खालच्या कप्प्यात मेथड, म्हणजे त्या क्लासने करायची कामं, लिहायची वेळ आली तेव्हा कुठली कुठे टाकायची ते सुचेना, म्हणून 'संकलनव्यवस्थापक' नावाचा एक क्लास केला. आज तो २३०० ओळींचा आहे. वजन तोच वाचतो, दर तोच काढतो, पावती तोच छापतो, बिलही तोच करतो. बाकीचे अकरा क्लास म्हणजे नुसते रिकामे डबे.

तर प्रश्न असा, की ॲनालिसिसचं मॉडेल डिझाइनमध्ये न्यायचं म्हणजे नेमकं करायचं काय? तोच डायग्राम वाढवत न्यायचा की दोन वेगळे ठेवायचे? आणि माझं गाडं नक्की कुठे घसरलं?

निवांत_जीव

दूध नासलेलं नाही, फक्त विरजण लागलेलं नाही. जाणकार येईपर्यंत कोपऱ्यात बसतो. वाचनखूण साठवली आहे.

जुनी_विहीर

ओढ्याकाठी, पहाटे उठून केलेलं काम वाया गेलेलं नाही, आधी तेवढं डोक्यातून काढा. घसरलात ते टाइप लावायला सुरुवात केलीत तिथे. टाइप लावणं हे डिझाइनचं सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात कंटाळवाणं काम आहे. खरं काम म्हणजे कोणतं काम कुणी करायचं ते ठरवणं. ते चौकोनांकडे बघत बसून ठरत नाही. एकेक यूज केस, म्हणजे वापरणाऱ्याचं एकेक काम, हातात घ्यावी लागते.

यूज केसची कल्पना रुजवणाऱ्या इव्हार याकोबसन यांनी १९९२ च्या पुस्तकात ऑब्जेक्टचे (प्रोग्राममधल्या घटकांचे) तीन प्रकार मांडले होते. बाहेरच्या जगाशी बोलणारे, घटनेचा क्रम सांभाळणारे आणि माहिती धरून राहणारे. आज बाउंडरी, कंट्रोल, एंटिटी म्हणतात ते हेच. तुमच्या अकरा चौकोनांत फक्त तिसरा प्रकार आहे, आणि ते बरोबरच आहे, कारण सचिवांच्या जगात पहिले दोन नसतातच. पण प्रोग्रामला ते लागतात. तुम्ही ते वेगळे काढले नाहीत, म्हणून ते सगळे एकाच क्लासमध्ये जाऊन बसले.

'सकाळचं संकलन नोंदवणे' एवढीच यूज केस घेऊन बघू. काट्यावरून आकडा येतो. प्रत्येक कंपनीचा काटा सिरियल पोर्टवर वेगळ्या घाटाचा मजकूर पाठवतो. मग 'वजनकाटा' हा एक इंटरफेस (बाकीच्यांना दिसणारं एकच ठरलेलं तोंड), आणि त्यामागे त्या त्या काट्याचा क्लास. हा क्लास तुमच्या ॲनालिसिसमध्ये कुठेच नव्हता, असायचं कारणही नव्हतं. पुढे रक्कम. दर काढायला फॅट आणि एसएनएफ लागतं, ते संकलनाकडे आहे. तक्ता दरपत्रकाकडे आहे. तर संकलनाने दरपत्रकाला विचारावं, "माझं फॅट एवढं, एसएनएफ एवढं, दर सांग," आणि लिटरशी गुणाकार स्वतः करावा. व्यवस्थापकाने या दोघांच्या खिशात हात घालून गुणाकार करायचं कारण काय? ज्याच्याकडे माहिती आहे त्याच्याकडेच काम द्या. ऑब्जेक्ट डिझाइनवर लिहिणारे क्रेग लार्मन याला 'इन्फर्मेशन एक्स्पर्ट' म्हणतात. आमच्या आजीच्या भाषेत, ज्याच्या हाती ससा तो पारधी.

असं एकेक काम वाटत गेलात की व्यवस्थापकाकडे उरतं ते एवढंच: आधी वजन घे, मग रीडिंग घे, मग संकलन तयार कर, मग पावतीला सांग. पन्नासेक ओळी. त्याचं नावही बदला. 'व्यवस्थापक' म्हटलं की लोक त्याच्या टेबलावर वाट्टेल त्या फायली आणून ठेवतात.

हे कागदावर सुचत नसेल तर माणसं बसवा. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८९ मध्ये सीआरसी (क्लास, जबाबदाऱ्या, सोबती) कार्डांची युक्ती लिहिली होती. एका कार्डावर क्लासचं नाव, डावीकडे त्याची कामं, उजवीकडे सोबती. चौघांच्या हातात चार कार्डं द्या आणि एक संकलन 'खेळून' बघा. ज्याच्या कार्डावर जागा उरत नाही तो तुमचा २३०० ओळींचा गडी.

गोंधळलेली_मांजर

ताई, मी एमसीएला आहे. आम्हाला 'ॲनालिसिस म्हणजे काय करायचं, डिझाइन म्हणजे कसं करायचं' असं एका ओळीत शिकवतात आणि परीक्षेत तेवढ्यावर मार्क मिळतात. पण हाच धागा घेऊन विचारते. गाईचं दूध आणि म्हशीचं दूध हे 'दूध' या क्लासचे उपक्लास, असं ॲनालिसिसमध्ये दाखवलं तर ते डिझाइनमध्येही इनहेरिटन्सच (एका क्लासने दुसऱ्याचा वारसा घेणं) होणार ना?

जुनी_विहीर

मांजरे, चांगला प्रश्न आहे. उत्तर: होईलच असं नाही, आणि इथे तर होऊ नये.

ॲनालिसिसमधला तो उपक्लास दाखवणारा त्रिकोणी बाण फक्त एवढंच सांगतो की लोक या दोन गोष्टी एकाच जातीच्या दोन तऱ्हा मानतात. डिझाइनमध्ये त्या बाणाला किंमत पडते. म्हणून तिथे विचारायचं, या दोघांचं वागणं वेगळं आहे का? गाईच्या दुधाचा दर आपल्याकडे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून बोलतात, म्हशीचा ६ आणि ९ धरून. पण हिशोबाची रीत तीच, तक्ता तेवढा वेगळा. वेगळेपण आकड्यांत आहे, वागण्यात नाही. मग दोन क्लास कशाला? संकलनाला 'दूधप्रकार' हा एक गुणधर्म द्या, आणि त्यावरून दरपत्रक निवडलं जाऊ दे. उद्या संस्थेने मिश्र दूध घ्यायला सुरुवात केली तर तिसरा तक्ता टाकला की झालं.

उलटंही होतं. ॲनालिसिसमध्ये एकच ओळ असते आणि डिझाइनमध्ये तिचं खटलं होतं. एसएनएफच बघ. जिथे मशीन नाही तिथे लॅक्टोमीटरच्या (दुधाची घनता मोजायची नळी) रीडिंगवरून सूत्राने काढतात: रीडिंगला ४ ने भागायचं, फॅटचा एक हिस्सा मिळवायचा, वर एक स्थिरांक. तो हिस्सा आणि तो स्थिरांक सगळीकडे सारखा नसतो. सचिवांसाठी तो कोपऱ्यातला एक आकडा, पण तुझ्यासाठी तो बदलता येणारा 'एसएनएफसूत्र' इंटरफेस. इथे वागणंच वेगळं आहे.

सरळसोट

एवढं सगळं वाचून एक प्रामाणिक शंका. हे डायग्राम आता कोण काढतं हो? आमच्याकडे टेस्ट (कोड तपासणारा कोड) लिहितो, कोड लिहितो, वास आला की रिफॅक्टर करतो, म्हणजे काम तेच ठेवून कोड नीट लावतो. डिझाइन आपोआप वर येतं. दोन मॉडेलं सांभाळायची म्हणजे दोन संसार, आणि सहा महिन्यांनी दोन्ही खोटे. २३०० ओळींचा क्लास फोडायला याकोबसन कशाला हवाय, एक शनिवार पुरे.

तिखटमीठ

सरळसोट, टेस्टवर एवढा जीव असेल तर आमची गोष्ट ऐका. आमचीही दुधाचीच प्रणाली होती, दुसऱ्या तालुक्यात. ॲनालिसिसच्या कागदावर 'फॅट : संख्या' असं लिहिलेलं. कोड लिहिणाऱ्याने डबल घेतला, म्हणजे अपूर्णांक अंदाजाने साठवणारा टाइप. तक्ता ३.० पासून ०.१ च्या पायरीने. ओळ शोधायला साधं सूत्र: फॅटमधून ३.० वजा करा, ०.१ ने भागा, अपूर्णांक टाकून द्या. टेस्ट लिहिलेल्या होत्या बरं का, ३.५ आणि ४.० च्या. दोन्ही हिरव्या, म्हणजे पास.

संस्थेत लावल्यावर आठवड्याभरात एक म्हातारे सभासद पावती घेऊन आले. म्हणाले, "फॅट ३.३ लिहिलंय आणि दर ३.२ चा लावलाय." आम्ही सगळी मुलं, ते चष्मा पुसत उभे. खरंच होतं. डबलमध्ये ३.३ वजा ३.० हे ०.३ येत नाही, ०.२९९९९ असं काहीतरी येतं. ते ०.१ ने भागलं की ३ ला किंचित कमी, आणि अपूर्णांक टाकला की २. एक ओळ खाली. ३.४, ३.८, ३.९ यांचंही तेच. ३.५ आणि ३.६ मात्र व्यवस्थित. म्हणजे टेस्टसाठी नेमका जो आकडा सगळ्यांच्या तोंडात बसलाय तोच निर्दोष!

ही चूक ना ॲनालिसिसची, ना कोडची. ती मधल्या पायरीची. सचिवांच्या जगात फॅट ही 'संख्या' नाहीच. ती एका दशांश स्थळापर्यंत वाचलेली, पायऱ्यापायऱ्यांची गोष्ट आहे. 'संख्या' या शब्दाचं डिझाइनमध्ये काय करायचं हे कुणीतरी बसून ठरवायला हवं होतं. आता आमच्याकडे 'फॅट' हा स्वतःचा छोटा क्लास आहे. आत पूर्णांक, ३.३ म्हणजे ३३. रुपयांचंही तसंच, आत पैसे.

सरळसोट

मान्य, ३.३ चा टेस्ट मीही लिहिला नसता. पण दोन डायग्राम सांभाळा हे अजून पटलेलं नाही.

जुनी_विहीर

सांभाळा असं मीही म्हणत नाही हो. डिझाइनचे डायग्राम मी फळ्यावर काढते, मोबाइलवर फोटो घेते आणि पुसते. कोड हेच डिझाइनचं खरं मॉडेल. ॲनालिसिसचा तो एक कागद मात्र जपते, कारण त्यावर सचिवांची सही असल्यासारखी असते. कोड कितीही बदलला तरी तो कागद वर्षाला दोनदाच बदलतो.

ओढ्याकाठी

सगळ्यांचे आभार. चार दिवस गायब होतो कारण खरंच कार्डं घेऊन बसलो. आमचा एक जण 'दरपत्रक' झाला आणि इतका शिरला भूमिकेत की चहाचे पैसेही तक्त्यातून काढायला लागला.

व्यवस्थापक २३०० वरून ६० ओळींवर आलाय. 'नमुना' हा क्लास तर उडालाच. सचिवांच्या जगात ती नमुन्याची बाटली खरी आहे, पण आमच्याकडे तिचे फक्त दोन आकडे उरतात, ते संकलनात गेले.

आता नवीन अडचण. ॲनालिसिसमध्ये सभासद आणि संकलन यांच्यात साधी रेष होती, दोन्ही बाजूंनी. मी ती तशीच कोडमध्ये आणली, सभासदाकडे संकलनांची यादी आणि संकलनाकडे सभासद. आता सभासदाचा फोन नंबर बदलायला स्क्रीन उघडला की सात-आठ सेकंद जातात.

तिखटमीठ

तुमची ओआरएम (क्लास आणि डेटाबेस जोडणारी लायब्ररी) दर वेळी त्या माणसाचं अख्खं दुभतं आयुष्य उचलून आणते आहे. हिशोब करा ना. ४०० सभासद, दिवसाला दोन वेळा, ३६५ दिवस: २,९२,००० नोंदी वर्षाला. एका सभासदाच्या ७३०, म्हैसही असेल तर दुप्पट. आणि सभासद काय एक वर्षाचा असतो?

कागदावरची रेष फक्त 'यांचा संबंध आहे' एवढंच म्हणते. तिला बाण कुठल्या बाजूने द्यायचा हे डिझाइनचं काम. संकलनाला सभासद माहीत असू दे. सभासदाला त्याची संकलनं माहीत असायची गरज कोणत्या यूज केसला आहे? बिलाला. आणि बिलालाही सगळी नकोत, १ ते १०, ११ ते २० किंवा २१ ते महिनाअखेर एवढीच हवीत. मग तो प्रश्न 'संकलनसाठा' नावाच्या रिपॉझिटरीला (नोंदी शोधून देणारा क्लास) विचारा: हा सभासद, ही मुदत, आण. सभासदाकडची यादी काढून टाका.

हिशोबनीस

मी प्रोग्रामर नाही, आयुष्य दूध संघाच्या हिशोब विभागात गेलं. मुलाने लिंक दिली म्हणून वाचलं. अर्धं डोक्यावरून गेलं, तरी एक विचारतो. त्या ताई म्हणतात की रक्कम संकलनाने तक्ता बघून काढावी. केव्हा? दूध घालताना की दर वेळी कागद मागितला की? कारण दर मागच्या तारखेपासून बदलल्याचं पत्र संघाकडून येतं, ते काही क्वचित नाही. आणि दिवाळीला फरक वाटायचा असतो तो वर्षभराच्या दुधावर. त्या वेळी जुनी पावती आणि संगणक वेगवेगळं बोलायला लागले तर सचिवाला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

जुनी_विहीर

काका, तुम्ही प्रोग्रामर नाही म्हणता आणि धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न विचारता.

आमच्या भाषेत याला डिराइव्ह्ड ॲट्रिब्यूट म्हणतात. ॲनालिसिसमध्ये 'रक्कम' च्या आधी एक तिरकी रेघ मारतात, म्हणजे ही दुसऱ्यावरून निघते. तिथे तेवढं पुरतं. डिझाइनमध्ये ठरवावं लागतं की साठवायची की दर वेळी काढायची. माझं वरचं उत्तर अर्धवट होतं, सुधारते. पावती फाटली की लावलेला दर आणि रक्कम संकलनात गोठवायची, सोबत कोणत्या दरपत्रकाने लावली तेही. दरपत्रकाला 'पासून' तारीख. मागच्या तारखेचा बदल आला तर जुन्या संकलनाला हात लावायचा नाही, 'दरफरक' ही वेगळी नोंद करायची आणि ती पुढच्या बिलात दाखवायची. दिवाळीचा फरकही त्याच कुटुंबातला.

ओढ्याकाठी, म्हणजे तुमच्या कागदावर 'दरफरक' हा बारावा चौकोन यायला हवा होता. सचिवांना विचारून बघा, शब्द त्यांच्याकडे नक्की असणार.

निवांत_जीव

अवांतर: क्लासची नावं खरंच देवनागरीत लिहिता का? जावा चालवून घेतं, पायथन ३ पण. आमच्या टीममध्ये एकाने 'बिल' देवनागरीत आणि दुसऱ्याने रोमनमध्ये लिहून दोन दिवस घालवले होते.

ओढ्याकाठी

नाही हो, कोडात रोमन लिपीत मराठी शब्द. भाषांतर मात्र करत नाही. 'उचल' ला लोन म्हटलं की पुढच्या पोराला व्याज आठवतं, आणि आमच्याकडे उचलीला व्याज नसतं.

काल सकाळी परत संस्थेत जाऊन आलो, या वेळी संकलनाचा सिक्वेन्स डायग्राम (कोण कुणाला कोणत्या क्रमाने काय सांगतं त्याचं चित्र) छापून नेला होता. हिशोबनीस काका, 'फरक' शब्द तोंडातून काढायचा अवकाश, सचिवांनी कपाटातून गेल्या दिवाळीची वहीच काढली. बारावा चौकोन पक्का.

डायग्राम काढताना आणखी एक जागा रिकामी राहिली होती: मशीनने रीडिंग दिलंच नाही तर? लाइट गेली तर? ॲनालिसिसच्या तीन आठवड्यांत एकदाही लाइट गेली नव्हती, त्यामुळे मीही कधी विचारलं नव्हतं. सचिव सहज म्हणाले, "मग त्याचं कालचं फॅट धरतो. आणि कुणी म्हणालं रीडिंग चुकलं, तर त्याच्या समोर बाटली परत लावतो. दोन्ही आकडे वहीत लिहितो, दुसरा धरतो."

म्हणजे एका संकलनाला दोन रीडिंग, कधी एकही नाही, आणि प्रत्येकाला ते कुठून आलं याची नोंद. मी उडवलेला 'नमुना' आज सकाळी परत आणून ठेवलाय, आणि तोही ॲनालिसिसच्याच कागदावर.

तिखटमीठ

आणि 'कालचं फॅट' म्हणजे काल सकाळचं की काल संध्याकाळचं, ते विचारलंत का?

ओढ्याकाठी

...उद्या पहाटे जातो.